उकव्याच्या दगडाची पारख : मॉइलची वाटचाल

बालाघाटहून बैहरकडे निघालेला रस्ता गांगुलपाऱ्याचा घाट चढून पठारावर येतो आणि जंगलातून पुढे उकव्याला पोहोचतो. या गावाचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते तिथल्या मँगनीजच्या भूमिगत खदानीमुळे. खदान चालवणाऱ्या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे, खदानी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत पसरल्या आहेत आणि संस्थेचे मूळ शोधायला गेले तर १८९६ सालापर्यंत मागे जावे लागते. मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच आजची मॉइल लिमिटेड, हिने किती टन माल काढला याचे आकडे वार्षिक अहवालांत सापडतात. त्या आकड्यांच्या आड मात्र आणखी एक काम सतत चालू राहिले. खदानीतून वर आलेल्या काळ्या दगडात नेमके काय आहे, हे ठरवण्याचे ते काम. मँगनीजचा भाव दगडातल्या टक्क्यांवर ठरतो. म्हणून या संस्थेची वाटचाल सांगायची तर टन आणि टक्के दोन्ही बरोबरीने सांगावे लागतात.

मँगनीजला मागणी आली ती पोलादामुळे. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्तात पोलाद करण्याची रीत मांडली, पण ते पोलाद ठोकताना तडकत असे. त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळण्याचा उपाय रॉबर्ट मुशेट यांनी दिला. मँगनीज पोलादातला नको असलेला ऑक्सिजन आणि गंधक बांधून घेते. रेल्वेचे रूळ, पूल आणि जहाजे यांच्या त्या युगात मँगनीजचा दगड समुद्रापार जाऊ लागला. भारतात पहिली खोदाई १८९२ मध्ये विजयनगरम भागात झाली. चार वर्षांनी मध्य प्रांतात सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभे राहिले. इंग्लंडात नोंदलेली ही मंडळी पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि आद्याक्षरांवरून तिला सीपीएमओ म्हणण्याचा प्रघात पडला.

सिंडिकेटच्या हाती आलेला पट्टा विलक्षण होता. छिंदवाड्यापासून नागपूर आणि भंडाऱ्यामार्गे बालाघाटपर्यंत, धनुष्यासारखा वाकलेला, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा. भूशास्त्रज्ञ या खडकांना सौसर समूह म्हणतात. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये स्थापन झाला होता, प्रांताची राजधानी नागपूर होती आणि मराठी, हिंदी, गोंडी, पवारी या बोली एकाच बाजारात चालत होत्या. पण दगड होता तिथे रस्ता नव्हता. जबलपूरपर्यंत जाणारी सातपुड्याची छोटी लाइन १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा बालाघाटचा माल रेल्वेच्या आवाक्यात आला. घाटावरच्या खदानींचा दगड त्यानंतरही आधी खाली उतरवावा लागेच.

सुरुवातीची पारख डोळ्याने आणि हाताने होई. दगड हातात घेतला की जाणकाराला त्याचा जडपणा सांगे, फोडलेल्या अंगाची चमक सांगे, फिकट खापरीवर घासल्यावर उमटणारी रेघ सांगे. पायरोलुसाइट बोटांना काळे करते आणि ब्राउनाइट करत नाही, हे कामगारांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. फोडलेल्या मालातून गारगोटी आणि कचखडी वेगळी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बाया करत. लहान हातोडीने दगडाचा निकस भाग ठोकून काढायचा आणि चांगला तुकडा ढिगावर टाकायचा. मालाची प्रत वाढवणारी पहिली यंत्रणा म्हणजे या बायांचे हात. संस्थेच्या इतिहासात त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत आणि ही उणीव मान्य केली पाहिजे.

शास्त्रीय पारखीचा पाया घातला लुईस ली फर्मर यांनी. १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झालेला हा तरुण मध्य प्रांतातल्या खदानी पायाखाली घालत फिरला आणि १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ सर्वेक्षणाच्या मालिकेत ३७ वा खंड म्हणून निघाला. गार्नेट आणि क्वार्ट्झच्या ज्या खडकात हे साठे सापडतात, त्याला फर्मर यांनी गोंड समाजावरून गोंडाइट असे नाव दिले. ते आजही जगभरच्या पुस्तकांत आहे. नव्या वाटलेल्या खनिजांनाही त्यांनी नावे दिली. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट, नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मालातून व्रेडेनबर्गाइट, झाबुआच्या काजलीडोंगरीच्या मालातून हॉलंडाइट. पुढे १९३८ मध्ये डन आणि रॉय यांनी बालाघाटमधल्या तिरोडीच्या नावाने तिरोडाइट जाहीर केले.

यांतली काही नावे टिकली नाहीत. क्ष-किरणांनी स्फटिकांची आतली रचना मोजता येऊ लागली, तेव्हा १९४२ मध्ये ब्रायन मेसन यांनी दाखवून दिले की सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेले बिक्सबाइट. व्रेडेनबर्गाइट तर एक खनिज नसून जेकब्साइट आणि हाउसमनाइट यांची एकमेकांत गुंतलेली वीण निघाली. तिरोडाइटचे नावही १९९७ च्या आंतरराष्ट्रीय नामावलीत बदलले. हॉलंडाइट मात्र आजही पक्के उभे आहे. फर्मर यांचे महत्त्व याने कमी होत नाही. सूक्ष्मदर्शक, रासायनिक पृथक्करण आणि स्वतःचे पाय एवढ्या भांडवलावर त्यांनी जे रेखाटले, त्याच्या आधारावर पुढच्या पिढ्यांनी खदानी आखल्या. चुकलेल्या नावांनीही एक गोष्ट शिकवली. कोणते मूलद्रव्य किती आहे, हा एक प्रश्न. ती मूलद्रव्ये एकमेकांशी कशी बांधली गेली आहेत, हा दुसरा. एका उपकरणाने दोन्ही सुटत नाहीत.

व्यापाराला तातडीने हवे होते ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मँगनीजचा सौदा युनिटवर होई. एक टनातला एक टक्का म्हणजे एक युनिट, आणि भाव प्रत्येक युनिटमागे. दहा हजार टनांच्या मालात मँगनीजचा आकडा एका टक्क्याने चुकला, तर दहा हजार युनिटांचा हिशेब चुकला. त्यातून फॉस्फरस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर गिऱ्हाईक माल नाकारी, कारण फॉस्फरस पोलादाला थंडीत ठिसूळ करतो. सिलिका जास्त निघाली तरी भाव पडे. त्यामुळे मँगनीजच्या धंद्यात प्रयोगशाळेला कचेरीइतकेच वजन आले.

या प्रयोगशाळेतले काम जवळून पाहण्यासारखे आहे. आधी नमुना. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी माल घ्यायचा, फोडायचा, त्याचा शंकू करायचा, तो दाबून चपटा करायचा, चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे. उरलेला माल पुन्हा फोडायचा आणि पुन्हा चार भाग. शेकडो किलोंचे शेवटी चिमूटभर होते आणि त्या चिमटीने सगळ्या ढिगाच्या वतीने बोलायचे असते. ही चिमूट १०५ अंशांच्या भट्टीत वाळवतात, कारण ओल्या मालात पाण्याचेही पैसे लागतात. मग हायड्रोक्लोरिक आम्ल. दगड विरघळताना क्लोरीनचा उग्र वास सुटतो. लोखंड वेगळे पाडण्यासाठी झिंक ऑक्साइडची दुधी पेज घालतात आणि द्रव उकळत ठेवून वरून ब्युरेटने पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडतात. प्रत्येक वेळी फ्लास्क जोराने हलवायचा, तपकिरी गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या नितळ पाण्याकडे बघायचे. ते पहिल्यांदा पुसट गुलाबी राहिले की थांबायचे. व्होलहार्ड यांची ही पद्धत. मँगनीज मोजण्यासाठी इथे मँगनीजच वापरले जाते, कारण परमँगनेटमध्येही तेच आहे. हलक्या हाताचा आणि पक्क्या नजरेचा केमिस्ट या पद्धतीने असा आकडा देतो की दोन्ही पक्ष तो मान्य करतात.

मँगनीजच्या टक्क्यांनीही सगळे कळत नाही. शुद्ध पायरोलुसाइटमध्ये मँगनीज सुमारे ६३ टक्के, शुद्ध ब्राउनाइटमध्येही तेवढेच. पहिले मँगनीज डायऑक्साइड आहे आणि सुक्या बॅटरीत चालते. दुसऱ्यात दहा टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि त्याची जागा भट्टीत आहे. म्हणून एकूण मँगनीजबरोबर डायऑक्साइडचे प्रमाण वेगळे काढावे लागते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मालाला जे महत्त्व आले, ते या दुसऱ्या आकड्यामुळे.

धंद्याने चढ पाहिला तसा उतारही. रशियन साम्राज्यातल्या चिआतुरा खाणी १९०५ च्या उलथापालथीत अडकल्या आणि १९०७ मध्ये भारताचे उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात गेले. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात. १९२९ नंतरच्या मंदीत तर पोलाद कारखानेच थंडावले. १९३२ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे दोन लाख टनांवर कोसळले आणि मध्य प्रांतातल्या खदानी एकामागून एक बंद पडल्या. ज्यांच्या घरात दोन पिढ्या खदानीवर जात होत्या, ते पुन्हा धानाच्या शेतावर आणि जंगलावर आले. याच पडत्या काळात एक मोठी सोय मात्र झाली. रायपूर–विजयनगरम रेल्वे १९३१ मध्ये पुरी झाली आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले. मध्य प्रांताचा मँगनीज समुद्राला जवळ करणे हा त्या बंदरामागचा एक प्रमुख हेतू होता.

पारखीच्या शास्त्रात याच सुमारास, उकव्यापासून फार दूर, केंब्रिजमध्ये नवे पान उलटले होते. जे. जे. थॉमसन यांनी निऑन वायूच्या विद्युतभारित कणांना विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळवले, तेव्हा एकाच वायूचे दोन वेगळे माग फोटोपट्टीवर उमटले. एक २० वजनाचा, दुसरा २२. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ मध्ये यासाठी नेटके उपकरण बांधले आणि १९२२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मास स्पेक्ट्रोमेट्रीचा हा आरंभ.

तिचे तत्त्व सोपे आहे. पदार्थाचे आधी वायुरूप कण करायचे, त्यांना विद्युतभार द्यायचा आणि निर्वात नळीतून सोडायचे. क्षेत्राच्या ओढीने हलका कण जास्त वळतो आणि जड कण कमी, धान उफणताना जड दाणा जवळ पडतो आणि भूस लांब जातो तसे. कोण कुठे पोहोचला यावरून त्याचे वजन कळते आणि किती पोहोचले यावरून प्रमाण. खरे तर मोजले जाते ते वजन आणि भार यांचे गुणोत्तर. भार एकच असेल तर तो आकडा म्हणजेच वजन. कार्बनी संयुगांत आणखी एक सोय होते. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू फुटतो आणि प्रत्येक रेणू आपापल्या कच्च्या जोडांशी फुटतो. तुकड्यांच्या वजनांचा जो पट उमटतो, तो आधी नोंदवलेल्या पटांशी ताडून संयुग ओळखतात. औषधातली भेसळ, पाण्यातले कीटकनाशक, खेळाडूच्या लघवीतले उत्तेजक द्रव्य पकडले जाते ते असे.

खनिजाच्या बाबतीत रेणूपेक्षा अणू महत्त्वाचा. लोखंडाचे निसर्गात चार समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे अणू, आहेत: ५४, ५६, ५७ आणि ५८. मँगनीजचा स्थिर समस्थानिक एकच, ५५. यामुळे ओळख सोपी झाली आणि एक वाट बंदही झाली. समस्थानिकांची मिसळ करून प्रमाण काढण्याची मास स्पेक्ट्रोमेट्रीतली अत्यंत अचूक पद्धत मँगनीजला लावता येत नाही, कारण तिला निदान दोन स्थिर समस्थानिक लागतात.

स्वातंत्र्यानंतर संस्थेच्या कथेने वळण घेतले. १ मार्च १९४८ रोजी इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची स्थापना झाली. पुढे तिचे मुख्यालय नागपुरात आले आणि हलक्या मालाची प्रत कशी वाढवायची यावर तिथल्या प्रयोगशाळांत काम झाले. १९५३ मध्ये देशाचे मँगनीज उत्पादन १९ लाख टनांच्या आसपास पोहोचले, पण हा बहर टिकला नाही. १९५७ मध्ये ब्राझीलच्या अमापाचा आणि १९६२ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबनचा माल जगाच्या बाजारात उतरला. मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा एकीकडे गेले आणि बालाघाट दुसरीकडे राहिले. एकाच पट्ट्यातल्या खदानी दोन राज्यांत विभागल्या गेल्या.

२२ जून १९६२ रोजी मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडची नोंदणी झाली. ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तीन सरकारांचे, ४९ टक्के जुन्या सीपीएमओचे. दोन राज्यांनी आणि केंद्राने एका खदान-कंपनीत भागीदार व्हावे, ही मांडणी त्या काळी नवीच होती, आणि ती निभली याचे श्रेय तिन्ही सरकारांच्या अधिकाऱ्यांना द्यायला हवे. १९७७ मध्ये उरलेले ४९ टक्के भाग घेऊन कंपनी पूर्णपणे सरकारी झाली. विलायती संचालकांच्या टेबलावर होणारे निर्णय नागपुरात होऊ लागले.

पृष्ठभागावरचा सोपा माल तोपर्यंत संपत आला होता. बालाघाटजवळची भरवेली आणि घाटावरचे उकवा इथे जमिनीखाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. शाफ्ट खोदायचा, पातळ्या काढायच्या, थर खालून वर कापत जायचा आणि रिकामी झालेली जागा पाण्याबरोबर वाळू सोडून भरून काढायची. पोकळी भरली नाही तर वरचा खडक बसतो. भरवेलीची खदान पुढे आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली गेली. खोली वाढते तसा खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की दगडातला प्रत्येक टक्का अधिक मोलाचा होतो.

१९९१ मध्ये डोंगरी बुजुर्गला देशी तंत्रज्ञानावर इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना सुरू झाला. दगड विकणारी संस्था रसायन बनवू लागली. खनिज भाजून आम्लात विरघळवायचे, द्रव शुद्ध करायचा आणि विजेने शुद्ध डायऑक्साइड धनाग्रावर बसवायचा. इथे शुद्धतेचा हिशेब टक्क्यांवरून दशलक्षांशावर आला. बॅटरीच्या डायऑक्साइडमध्ये तांबे, निकेल, कोबाल्ट किंवा मॉलिब्डेनम किंचित जरी राहिले, तर जस्ताबरोबर वायू सुटून बॅटरी फुगते किंवा गळते. दहा लाख भागांतले एक-दोन भाग ब्युरेटच्या थेंबाने दिसत नाहीत. १९९८ मध्ये बालाघाटला फेरो मँगनीजचा कारखाना आला.

अशा सूक्ष्म मोजणीसाठी जगात मास स्पेक्ट्रोमेट्रीचे एक रूप तोवर तयार झाले होते. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या या उपकरणात आम्लात विरघळवलेल्या नमुन्याचा फवारा आर्गॉन वायूच्या, हजारो अंश तापलेल्या ज्योतीत सोडतात. त्या तापात संयुगे तुटतात, अणू सुटे होतात, बहुतेकांचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि बारीक भोकांच्या धातूच्या शंकूंतून ते निर्वात कक्षात ओढले जातात. चार दांड्यांच्या विद्युत क्षेत्रातून एका वेळी एकाच वजनाचे कण पार होतात आणि पलीकडे मोजले जातात. इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रयोगशाळांत त्याला आयसीपी-एमएस म्हणतात. काही मिनिटांत डझनावारी मूलद्रव्यांचा हिशेब मिळतो, अब्जांशापर्यंत.

पण हे यंत्रही फसते. ४० वजनाचा आर्गॉन आणि १५ वजनाचा नायट्रोजन चिकटले की वजन होते ५५, म्हणजे मँगनीजचे. ३९ चे पोटॅशियम आणि १६ चा ऑक्सिजन, तेही ५५. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात केला असेल तर ३७ चा क्लोरीन आणि १८ चा ऑक्सिजन मिळून पुन्हा ५५. आर्गॉन आणि ऑक्सिजनची जोडी ५६ वर बसते आणि लोखंडाचा मुख्य आकडा झाकून टाकते. यावर वाटेत हेलियम वायूचा कक्ष ठेवतात. जोडकण आकाराने मोठे, ते हेलियमवर जास्त आपटतात, दमतात आणि मागे राहतात. सुटा अणू पुढे जातो. यंत्राने दिलेला आकडा खरा मानण्याआधी केमिस्टला हे सगळे तपासावे लागते.

ज्या दगडात ४५ टक्के मँगनीज आहे, त्याचे मँगनीज मोजायला मात्र हे महागडे उपकरण लागत नाही, आणि वापरले तरी टायट्रेशनइतकी बारकाई सहज येत नाही. द्रव इतका पातळ करावा लागतो की पातळ करण्यातलीच चूक मोठी होते. शिवाय नमुना विरघळवल्यावर ब्राउनाइट आणि पायरोलुसाइट यांतला भेद संपलेला असतो. मुख्य टक्क्यांसाठी ब्युरेट आणि क्ष-किरणांची प्रतिदीप्ती, खनिजाच्या रचनेसाठी क्ष-किरणांचे विवर्तन, अंशमात्र अशुद्धीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री अशी ही वाटणी आहे. नव्याने जुन्याला घालवले असे इथे घडलेले नाही, आणि ते चांगलेच आहे. या उपकरणांसाठी देश सर्वस्वी परावलंबी राहिला असेही नाही. अणुकार्यक्रमाच्या गरजेपोटी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मास स्पेक्ट्रोमीटर स्वतः घडवले.

मास स्पेक्ट्रोमेट्रीने या पट्ट्याला त्याचे वयही सांगितले. क्रिप्टोमेलेन या मँगनीज खनिजात पोटॅशियम असते. ४० वजनाच्या पोटॅशियमचा काही भाग कोट्यवधी वर्षांत आर्गॉन होतो आणि स्फटिकात अडकून राहतो. नमुना आधी अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनांचा मारा देतात, मग तापवत नेऊन सुटणाऱ्या आर्गॉनचे वेगवेगळे समस्थानिक मोजतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात सीतापारच्या क्रिप्टोमेलेनचे वय सुमारे ९५ कोटी वर्षे आले. ज्या सीतापारच्या खनिजाला फर्मर यांनी दिलेले नाव पुसले गेले होते, त्याच गावचा दगड पुन्हा शास्त्रीय साहित्यात आला.

वाटचालीतली एक कठीण बाजू कामगारांच्या शरीराची आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होतो. चाल बदलते, चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतो. १९५२ च्या खाण कायद्याखाली मँगनीजची विषबाधा अधिसूचित रोगांत घातली गेली. ओल्या पद्धतीने छिद्रे पाडणे, हवा खेळती ठेवणे, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी हे नियम त्यामागून आले. निरोगी माणसाच्या रक्तातही मँगनीज असतेच, पण लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढेच. इतके कमी प्रमाण विश्वासाने मोजता येते ते आयसीपी-एमएससारख्या उपकरणांमुळे. रक्तातही पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर, म्हणजे ५५ चा घोटाळा इथेही हजर, आणि इथे त्या घोटाळ्याची किंमत एखाद्याचा चुकलेला अहवाल असते.

डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. केंद्राने आपले १० टक्के आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टक्के विकले. अर्जांचा पाऊस पडला, मागणी देऊ केलेल्या भागांच्या पन्नास पटींहून अधिक झाली. मॉइल लिमिटेड हे सुटसुटीत नाव याच पर्वातले. आज उकवा, भरवेली, तिरोडी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर, बेलडोंगरी, गुमगाव ही नावे एका ताळेबंदात येतात आणि देशातल्या मँगनीजचा जवळपास निम्मा भाग या संस्थेकडून येतो. २०२४-२५ मध्ये तिचे उत्पादन १८ लाख टनांवर गेले. स्थापनेपासून तोवरचा हा उच्चांक होता.

जमिनीखाली उतरायला बायांना ब्रिटिश अमदानीत बंदी आली होती. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक अटींवर ती उठवली. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रिया भूमिगत खाणीत दिवसाच्या पाळीला उतरू शकतील, मात्र त्यांची लेखी संमती लागेल आणि एका वेळी किमान तिघी असाव्या लागतील, अशा त्या अटी होत्या. भूगर्भशास्त्र, खाणकाम आणि सर्वेक्षण शिकून येणाऱ्या मुलींना थराच्या तोंडाशी उभे राहून नमुना घेण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आहे.

खोल शाफ्टची कामे चालू आहेत. जसजसे खाली जावे तसतसा थर बदलतो, ब्राउनाइटचे प्रमाण बदलते, फॉस्फरसचा आकडा हलतो. म्हणून नव्या पातळीवरचा माल ढिगावर जाण्याआधी छिद्रांचे गाभे काढून त्यांची तपासणी होते, आणि कोणत्या स्टोपचा (जमिनीखालच्या खोदकामाच्या जागेचा) माल कोणत्या स्टोपच्या मालात किती मिसळायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला कबूल केलेली प्रत बसेल, हे त्या आकड्यांवरून ठरते. हे काम रोज सकाळच्या पाळीबरोबर सुरू होते.